जपानमधील रामेनच्या दुकानात पहिल्यांदा जेवायला जाताना

टोकियोच्या एदोगावा भागातील निशीकासाई येथे मी गेली काही वर्षे राहते. येथे रस्त्यात मराठी कानावर पडणे नवलाचे नाही, आणि पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा नुसते फिरायला आलेल्या माणसांना रामेन, म्हणजे गरम रश्श्यातल्या नूडल्स, खायला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे वारंवार येते. दर वेळी तेच प्रश्न विचारले जातात आणि दुकानाच्या दारात तोच गोंधळ होतो, म्हणून हे सगळे एकदा क्रमाने लिहून काढले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रामेनचे दुकान म्हणजे आपल्याकडचे ऐसपैस हॉटेल नव्हे. पुष्कळ दुकानांत काउंटरलगत ८-१० खुर्च्या असतात, आत एक किंवा दोन माणसे नूडल्स उकडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळी कामे करतात, आणि एक गिऱ्हाईक १५-२० मिनिटांत जेवून उठेल या हिशेबावरच हजार येनच्या आसपासची किंमत त्यांना परवडते. यंत्रातून तिकीट काढणे, पाणी स्वतः ओतून घेणे, जेवण झाल्यावर वाडगा उचलून वर ठेवणे ही कामे गिऱ्हाइकाकडे आली आहेत ती याच कारणाने. हे कारण एकदा समजले की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सोबत काय असावे

- १००० येनच्या दोन-तीन नोटा आणि १०० येनची काही नाणी, प्रत्येक माणसामागे.
- आपण काय खात नाही हे जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी.
- कॅमेऱ्यातून मजकूर वाचून भाषांतर करणारे ॲप असलेला, पुरेसा चार्ज केलेला फोन.
- केस लांब असतील तर बांधायला रबर, चष्मा असेल तर पुसायला फडके.
- लहान पिशवी. मोठी सुटकेस स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवूनच जावे, कारण खुर्चीमागे माणूस कसाबसा जाईल एवढीच वाट असते.

पायरी १. आपण काय खातो, हे घरीच ठरवावे

ही पायरी मी सर्वांत आधी आणि सर्वांत सविस्तर लिहीत आहे, कारण येथे झालेली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही घराजवळच्या एका दुकानात गेलो. आई पूर्ण शाकाहारी आहे. यंत्रावर ‘यासाई रामेन’ असे बटण होते, आणि यासाई म्हणजे भाजी एवढे मला ठाऊक होते. वाडगा आला तेव्हा वर परतलेल्या कोबीचा, गाजराचा आणि मुगाच्या लांब मोडांचा चांगला उंच ढीग होता. आईने चमच्याने रस्सा घेतला, तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. दुधाळ रश्श्यावर चरबीचे बारीक पांढरे ठिपके तरंगत होते आणि वास लपत नव्हता. रस्सा डुकराच्या हाडांचा होता. दुकानाने काहीही दडवले नव्हते. ‘यासाई’ या शब्दाने वर भाजी आहे एवढेच सांगितले होते, आणि उरलेले मी गृहीत धरले होते. त्या रात्री आई घरी येऊन दहीभात जेवली, पण मला त्या चुकीचे वाईट वाटायचे अजून थांबलेले नाही.

म्हणून वाडगा कसा भरतात ते समजून घ्यावे. तळाशी ‘तारे’ नावाचे खारट, दाट मिश्रण घालतात. त्यावर तासन् तास उकळलेला रस्सा ओततात, थोडे सुवासिक तेल किंवा चरबी घालतात, मग नूडल्स आणि सर्वांत वर चाशू म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, उकडलेले अंडे, कांद्याची पात, आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचे मेन्मा आणि नोरी नावाचे समुद्रशेवाळ. यादीवर लिहिलेले शोयू, शिओ, मिसो हे शब्द बहुधा फक्त तळाच्या मिश्रणाबद्दल बोलतात: शोयू म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा. खालचा रस्सा कशाचा आहे ते त्यातून कळत नाही, आणि तो साधारणपणे डुकराची हाडे, कोंबडी, सुकवलेला बोनितो मासा किंवा सुकट यांचा असतो. ‘मिसो सोयाबीनचा, म्हणजे मिसो रामेन शाकाहारी’ हा समज मी आपल्या लोकांकडून सर्वाधिक वेळा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. ‘तोन्कोत्सु’ या शब्दात मात्र डुकराचे हाड स्पष्टच सांगितलेले असते.

चाशूचे काप काढून टाकायला सांगितल्याने रस्सा बदलत नाही. ‘निकु नुकी’ असे म्हटले तर वरचे मांस काढतील, पण वाडग्यात ओतायचा रस्सा त्याच पातेल्यातून येईल.

शाकाहारी माणसाने त्यामुळे कोणत्याही दुकानात शिरून प्रयत्न करण्याऐवजी ठरवून वीगन रामेन देणाऱ्या ठिकाणीच जावे. टोकियो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या फाटकापलीकडे, ‘टीज तानतान’ हे पूर्णपणे वनस्पतिजन्य पदार्थांचे दुकान आहे. ‘आफुरी’ या नेहमीच्या दुकानांच्या साखळीतही वीगन रामेन मिळते, पण तेथे त्याचे बटण वेगळे असते आणि तेच दाबले ना हे नीट पाहावे लागते. वीगन पदार्थात कांदा-लसूण असू शकतो, म्हणून जैन मंडळींनी तेवढे वेगळे विचारावे. जे कोंबडी खातात पण डुकराचे मांस खात नाहीत, त्यांच्यासाठी हलाल रामेनची दुकाने हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. ‘तोरी पाइतान’ हा कोंबडीचा दाट रस्सा असतो हे खरे, पण त्यावरचा चाशू डुकराचा असण्याची शक्यता राहतेच. गोमांस वर्ज्य असलेल्यांनी ‘ग्युकोत्सु’ हा शब्द लक्षात ठेवावा. तोत्तोरी प्रांतातील हे रामेन गाईबैलांच्या हाडांचे असते.

चिठ्ठी हॉटेलच्या स्वागतकक्षातून किंवा जपानी येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यावी. तिच्यात ‘मी मांस, मासे आणि त्यांपासून केलेला रस्सा किंवा तेल खात नाही’ असे पूर्ण वाक्य असावे. नुसते ‘मी शाकाहारी आहे’ असे लिहिले तर माशाचा अर्क त्यात धरला जाईलच याची खात्री नसते. चिठ्ठी पाहून दुकानदार दोन्ही हात फुलीसारखे धरील, तर तो आपल्याला हाकलत नसून फसवण्याचे टाळत आहे असे समजावे आणि नमस्कार करून बाहेर पडावे.

ॲलर्जी असलेल्यांसाठी थोडेसे: रामेनच्या नूडल्स गव्हाच्या असतात आणि काही ठिकाणी त्यांत अंडेही असते. रामेनला जुनी दुकाने ‘च्युका सोबा’ म्हणतात. त्यातल्या सोबा शब्दावरून ते कुट्टूच्या पिठाचे आहे, गव्हाचे नाही, असे समजू नये.

पायरी २. दुकान आणि वेळ निवडावी

दारावर लोंबणारा कापडी पडदा, ‘नोरेन’, बाहेर लावलेला असेल तर दुकान चालू आहे आणि आत घेतलेला असेल तर बंद आहे. जेवणाच्या दोन वेळांमध्ये, साधारण दुपारी ३ ते सायंकाळी ५ या काळात, बरीच दुकाने बंद असतात. फळ्यावरची वेळ रात्री ९ पर्यंतची असली तरी त्या दिवसाचा रस्सा संपला की दुकान लवकर मिटते, तेव्हा नामांकित दुकानासाठी अगदी शेवटच्या तासावर अवलंबून राहू नये. पहिल्या खेपेला दुपारी १२ ते १ ही कचेऱ्यांच्या सुट्टीची वेळ टाळून ११ वाजता, दुकान उघडताना जावे. मागे रांग नसली की यंत्रासमोर शांतपणे उभे राहता येते.

कोणत्या गावी आहात यावरही निवड ठरते. साप्पोरोत मिसो, फुकुओकाच्या हाकाता भागात तोन्कोत्सु आणि अगदी बारीक नूडल्स, फुकुशिमा प्रांतातील किताकाता येथे जाड, चपट्या, वळणदार नूडल्स आणि हलका रस्सा, असे प्रत्येक जागेचे स्वतःचे आहे. माझे मत विचाराल तर पहिल्यांदा खाणाऱ्याने शोयूपासून सुरुवात करावी. तोन्कोत्सुचा वास सवय नसलेल्या नाकाला जड जातो.

लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर काउंटरच्या चिंचोळ्या दुकानाऐवजी टेबले असलेले दुकान शोधावे. काही दुकाने लहान मुलांना घेत नाहीत आणि तसे दारावर लिहितात. अशा कुटुंबांना मी योकोहामाचे रामेन संग्रहालय सुचवते. शिन-योकोहामा स्टेशनपासून चालत जाण्याजोगे हे ठिकाण १९९४ साली सुरू झाले. आत १९५८ सालातील गल्ल्यांचा देखावा उभारला आहे आणि निरनिराळ्या प्रांतांतील दुकाने लहान वाडगेही देतात, त्यामुळे एकाच दिवशी दोन-तीन प्रकार चाखता येतात.

पायरी ३. रांगेत उभे राहावे

रांग असेल तर आधी दोन गोष्टी पाहाव्यात: तिकीट आधी काढून रांगेत उभे राहायचे आहे की रांगेतून क्रमाने आत गेल्यावर काढायचे आहे, आणि दाराशी नाव लिहायचा कागद ठेवला आहे का. हे दुकानागणिक बदलते. कळत नसेल तर पुढच्या माणसाला तिकिटाची खूण करून विचारावे. हातात तिकीट असेल तर तो दाखवतोच.

एकाने रांगेत थांबायचे आणि उरलेल्या चौघांनी नंतर येऊन मिसळायचे, ही आपल्याकडची सवय येथे अजिबात चालत नाही. जेवढे जेवणार तेवढ्यांनी सुरुवातीपासून उभे राहावे. शेजारच्या घराचे किंवा दुकानाचे दार अडवू नये आणि आवाज खाली ठेवावा, कारण रांगेबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आली तर ती दुकानदाराला निस्तरावी लागते.

पायरी ४. यंत्रातून तिकीट काढावे

दाराच्या आत लगेचच किंवा बाहेर भिंतीला लागून बटणांचे यंत्र असते. त्याला ‘केनबाइकी’ आणि त्यातून येणाऱ्या तिकिटाला ‘शोक्केन’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या यंत्राचा क्रम असा आहे.

आधी पैसे घालावेत. पैसे घातल्याशिवाय बटणे उजळत नाहीत, आणि बटण दाबूनही काही होत नाही म्हणून अनेकजण यंत्र बिघडले असे समजतात. मग हवे ते बटण दाबावे. लहान तिकीट खालच्या खणात पडते. वर अंडे किंवा जास्तीच्या नूडल्स हव्या असतील तर त्यांचेही वेगळे बटण लगोलग दाबावे. शेवटी सुट्टे परत मिळण्यासाठी दांडी फिरवावी किंवा बटण दाबावे. ही शेवटची कृती विसरली तर पैसे यंत्रातच राहतात, आणि मागच्या माणसाने हाक मारून सांगितले नाही तर ते तेथेच सोडून आपण खुर्चीवर जाऊन बसतो. पडद्याच्या नव्या यंत्रांत क्रम उलटा असतो, म्हणजे आधी निवड आणि मग पैसे, आणि त्यांत बहुधा इंग्रजीही असते.

नोटांची अडचण नीट समजून घ्यावी. अनेक यंत्रे फक्त १००० येनच्या नोटा घेतात आणि विमानतळावर मिळालेली १०,००० ची नोट तशीच बाहेर ढकलतात. त्यात ३ जुलै २०२४ रोजी जपानने नव्या नोटा आणल्या. १००० च्या नव्या नोटेवर जीवाणुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो आहेत, जुनीवर नोगुची हिदेयो होते. यंत्र बदलणे लहान दुकानाला महाग पडते, त्यामुळे नवी नोट न घेणारी यंत्रे अजूनही भेटतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेले दोन रंगी ५०० येनचे नाणेही जुन्या यंत्रांत चालत नाही. म्हणूनच यादीत मी १०० च्या नाण्यांचा आग्रह धरला आहे. नोट परत आली तर ती पुन्हा पुन्हा कोंबू नये. आतल्या माणसाला नोट दाखवून ‘र्योगाए ओनेगाइशिमास’ म्हणजे ‘मोड द्या’ असे म्हणावे.

काय निवडावे हे सुचत नसेल तर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातले पहिले बटण पाहावे. दुकाने आपला मुख्य पदार्थ बहुधा तेथेच ठेवतात. लाल दिवा लागलेले बटण म्हणजे पदार्थ संपला आहे. भाषांतराचे ॲप हाताने, उभ्या ओळींत लिहिलेल्या पट्ट्यांपुढे कधीकधी अडखळते, म्हणून दोन चिन्हे डोळ्यांनी ओळखायला शिकून घ्यावीत. हातपाय पसरून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसते ते ‘मोठे’, आणि मधोमध एक उभी रेघ व दोन्ही बाजूंना एकेक छोटा फराटा असेल ते ‘लहान’. पहिल्या दिवशी मोठे घेऊ नये. साधा वाडगाही पोटभर असतो.

एका वाडग्यात दोघांनी खाणे बहुतेक दुकानांना मान्य नसते. प्रत्येक बसणाऱ्यामागे एक तिकीट हा अलिखित नियम समजावा.

पायरी ५. बसावे, तिकीट द्यावे, प्रश्नाला उत्तर द्यावे

आत शिरताच ‘नानमेइसामा देस का’ असे विचारतात, म्हणजे किती जण आहात. एकटे असाल तर ‘हितोरी देस’, दोघे असाल तर ‘फुतारी देस’ म्हणावे किंवा बोटे दाखवावीत. दाखवलेल्याच खुर्चीवर बसावे आणि तिकीट समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवावे. पिशवी पायाशी किंवा खुर्चीखालच्या टोपलीत जाते, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नाही. पाण्याचा जग समोर असतो किंवा कोपऱ्यात यंत्र असते; पाणी फुकट आहे.

तिकीट घेताना आतला माणूस एखादा प्रश्न विचारील. हाकाता पद्धतीच्या दुकानात तो नूडल्स किती शिजवायच्या हे विचारतो: ‘बारिकाता’ म्हणजे फार कडक, ‘काता’ कडक, ‘फुत्सू’ नेहमीच्या, ‘यावा’ मऊ. योकोहामात १९७४ साली ‘योशिमुराया’ या दुकानापासून सुरू झालेल्या ‘इएकेइ’ पद्धतीत नूडल्सचा कडकपणा, चवीचा तीव्रपणा आणि तेल असे तीन प्रश्न येतात. काहीच समजले नाही तर ‘फुत्सू दे’ एवढे उत्तर तिन्हींना पुरते.

‘रामेन जिरो’ आणि त्याच्या धर्तीवरची दुकाने मात्र पहिल्या आठवड्यात टाळावीत असे मी आवर्जून सांगते. तेथे वाढण्याच्या क्षणी लसूण, भाजी, चरबी किती हवी ते ठरलेल्या शब्दांत पटकन सांगायचे असते, आणि वाडगा इतका मोठा असतो की तो टाकून उठण्याची वेळ येते.

पायरी ६. खावे

काउंटरच्या कट्ट्यावर आलेला वाडगा दोन्ही हातांनी उचलून खाली घ्यावा. तो काठोकाठ भरलेला आणि चांगलाच तापलेला असतो. फोटो काढायचा असेल तर एक-दोन काढून फोन बाजूला ठेवावा, आणि शेजारच्यांचे किंवा आचाऱ्याचे चेहरे येऊ देऊ नयेत.

आधी ‘रेंगे’ या खोलगट चमच्याने रस्सा चाखावा. मिरपूड, व्हिनेगर, कुटलेला लसूण, लाल आले हे सगळे समोर मांडलेले असले तरी निम्मा वाडगा होईपर्यंत त्यांना हात न लावणे चांगले, कारण रस्सा जुळवण्यात आचाऱ्याचा बराच दिवस गेलेला असतो. मग नूडल्स थोड्याथोड्या उचलून आवाज करत ओढून खाव्यात. जेवताना आवाज करू नये हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते, त्यामुळे येथे संकोच वाटतो. पण हवेबरोबर ओढल्याने नूडल्स सोसवेल इतपत निवतात आणि रश्श्याचा वास नाकापर्यंत पोचतो. आवाज जमला नाही तरी कोणी काही म्हणत नाही. उशीर मात्र करू नये: बारीक नूडल्स काही मिनिटांतच फुगून लिबलिबीत होतात.

चॉपस्टिक्स जमत नसतील तर ‘फोकु अरिमासु का’ असे विचारावे. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचणे आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणे या दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्या तेथील अंत्यविधींशी जोडलेल्या आहेत. गरम रश्श्याने नाक वाहते, पण काउंटरवर बसून जोरात शिंकरणे असभ्य समजतात, हलकेच पुसावे.

रस्सा संपवलाच पाहिजे असे नाही. त्यात मीठ पुष्कळ असते, आणि रक्तदाबाची औषधे चालू असलेल्यांनी तो सरळ वाडग्यात सोडून द्यावा. नूडल्स टाकणे मात्र वाईट दिसते.

पायरी ७. नूडल्स पुन्हा घ्यायच्या असतील तर

हाकाता पद्धतीच्या दुकानात थोड्या पैशांत फक्त नूडल्स पुन्हा मिळतात. याला ‘काएदामा’ म्हणतात. त्यासाठी वाडग्यात निम्मा तरी रस्सा शिल्लक हवा, आणि पहिल्या नूडल्स संपायला दोन-तीन घास उरले असतानाच ‘काएदामा ओनेगाइशिमास’ म्हणावे, म्हणजे थांबावे लागत नाही. काही ठिकाणी याचेही तिकीट आधीच काढावे लागते.

‘त्सुकेमेन’ हा प्रकार घेतला असेल तर गार नूडल्स वेगळ्या येतात आणि त्या दाट रश्श्यात बुडवून खायच्या असतात. टोकियोत १९६१ साली उघडलेल्या हिगाशी-इकेबुकुरोच्या ‘ताइशोकेन’ या दुकानातून यामागिशी काझुओ यांनी तो लोकप्रिय केला. नूडल्स संपल्यावर ‘सूपु-वारी’ मागावे. उरलेल्या खारट रश्श्यात गरम पातळ रस्सा ओतून देतात आणि मग तो पिता येतो.

पायरी ८. उठावे

जेवण झाले की उठावे, मागे रांग असेल तर गप्पा बाहेर जाऊन माराव्यात. वाडगा आणि पेला समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवावा, फडके ठेवलेले असेल तर आपल्यापुढची जागा पुसावी आणि आतल्या माणसाकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावे. पैसे तिकिटातच दिलेले असतात आणि बक्षिसी द्यायची नसते. कट्ट्यावर नाणी ठेवून गेलात तर विसरली म्हणून तो माणूस हातातले काम टाकून रस्त्यापर्यंत मागे येईल.

पावसाळी दिवस असेल तर दारातल्या स्टँडमध्ये एकसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डझनभर छत्र्या असतात. आत जातानाच आपल्या छत्रीच्या मुठीला ते केसांचे रबर गुंडाळून ठेवावे.